थंडीने चाळलेले बियाणे

वसुबारसेच्या संध्याकाळी गायीला ओवाळून तिच्या मुखी गोडाचा घास देणारी माणसे, वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तिच्यापुढे काय पडते याची चौकशी सणाच्या गडबडीत करीत नाहीत. तेव्हा शास्त्राच्या चार गोष्टी सांगणाऱ्या या सदराने ती करायला हरकत नाही. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला बारमाही पाणी टिकते, त्याच्या गोठ्याजवळ बहुधा लसूणघासाचा एखादा वाफा असतो. तीन-चार आठवड्यांनी विळा फिरवावा, पाणी सोडावे, की पुन्हा हिरवेगार. एकदा पेरले की दोन-तीन वर्षे बघायला नको.

नाव लसूणघास, पण लसणाशी त्याचा काडीचा संबंध नाही आणि गवताशीही नाही. काही भागांत त्याला मेथीघास म्हणतात, ते अधिक खरे. कारण मेथीचे आणि याचे घराणे अगदी शेजारचे. हरभऱ्या-तुरीप्रमाणे हेही द्विदल पीक. मुळांवरच्या गाठींतले जंतू हवेतला नत्र धरून देतात आणि पाला प्रथिनांनी भरतो. इंग्रज त्याला ल्यूसर्न म्हणतात आणि अमेरिकन अल्फाल्फा. हे दुसरे नाव अरबीतून आले, अरबीत ते फारसीतून गेले, आणि मूळ फारसी शब्दाचा अर्थ घोड्याचा चारा. त्यातला 'अस्प' म्हणजे आपला 'अश्व'च. इराण आणि मध्य आशियाच्या बाजूचे हे पीक घोड्यांबरोबर, फौजांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर जगभर पसरले.

पण जिथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, अशा प्रदेशांत त्याचे पाऊल अडखळले. उन्हाळ्यात गुडघाभर वाढलेले शेत वसंतात पाहावे तर काळे, सडलेले बुंधे. आपल्याकडे पाऊस पडला नाही की चारा जातो, तिकडे थंडी जास्त पडली की जातो. गोठ्यातल्या गायीला दोन्ही सारखेच. या थंडीवर माणसाने कशी मात केली, आणि त्या धडपडीचा एक धागा आपल्या लडाखातून काचेच्या बाटलीपर्यंत कसा गेला, ती हकीकत आज सांगायची आहे.

ग्रिमची पिशवी

१८५७ साली जर्मनीतल्या बाडेन प्रांतातील क्यूल्सहाइम गावचा वेंडेलिन ग्रिम नावाचा शेतकरी बायकामुलांसह अमेरिकेत मिनेसोटा भागात कार्व्हर परगण्यात जाऊन राहिला. सामानात त्याने एक लहानशी पिशवी आणली होती. तीत पंधरा-वीस पौंड बी. त्याच्या गावी या पिकाला 'चिरंतन क्लोव्हर' अशा अर्थाचे नाव होते. दुसऱ्या वर्षी त्याने ते पेरले. मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत घसरणारा. चिरंतन म्हणवणारे हे पीक पहिल्याच हिवाळ्यांत बरेचसे मेले.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने शेत नांगरून मका लावला असता. ग्रिमने एवढेच केले, की जी झाडे जगली होती त्यांचे बी धरले आणि पुन्हा पेरले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली, काही उरली. उरलेल्यांचे बी पुन्हा धरले. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. आनुवंशिकतेचे शास्त्र तेव्हा जन्माला यायचे होते; मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंधसुद्धा १८६६ चा. ग्रिमजवळ शास्त्र नव्हते, चिकाटी होती आणि गुरे होती.

हळूहळू त्याचे शेत हिवाळ्याला दाद देईनासे झाले. असे सांगतात, की एका वर्षी मका बुडाला असताना ग्रिमची गुरे मात्र गुबगुबीत दिसली. एवढा मका आणलास कुठून, असे शेजाऱ्याने विचारले, तर त्याने मक्याचा दाणाही घातलेला नाही, सारी करामत त्या क्लोव्हरची आहे, असे सांगितले. शेजाऱ्यांनी बी मागून नेले. १८८९ च्या सुमारास मिनेसोटातल्या एकूण लसूणघासापैकी जवळजवळ निम्मा एकट्या कार्व्हर परगण्यात होता. पण परगण्याबाहेर त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. १८९० साली ग्रिम वारला.

१९०० साली आर्थर लायमन नावाच्या शिक्षकाने ही गोष्ट राज्याच्या कृषी संशोधन केंद्रातील प्राध्यापक विलेट हेज यांच्या कानी घातली. हेजने बी मागवले, चाचण्या घेतल्या. इतर ठिकाणचे बियाणे जिथे हिवाळ्यात साफ होत होते, तिथे हे उभे राहत होते. 'ग्रिम अल्फाल्फा' या नावाने मग ते उत्तर अमेरिकेतल्या थंड मुलुखात सर्वत्र गेले. ग्रिमचे शेतघर आजही जपून ठेवलेले आहे. ज्याच्या नावाने लाखो एकर पिकले, त्याला स्वतःला यातले काही कळले नाही.

थंडीत झाड मरते कसे, जगते कसे

ग्रिमच्या शेतात नेमके काय घडत होते, ते समजून घ्यायला हवे. पाणी गोठले की फुगते, पेशी फुटते आणि झाड मरते, असे आपण शाळेत ऐकलेले असते. प्रत्यक्षात बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत धरतो आणि पेशीतले पाणी बाहेर खेचून घेतो. म्हणजे झाड थंडीत मरते ते बरेचसे तहानेने, आतून कोरडे पडून. शेवटी पेशीभोवतीचे नाजूक आवरण टिकत नाही आणि खेळ आटोपतो.

कणखर जातीची झाडे या संकटाची तयारी शरदातच करतात. दिवस आखूड झाले आणि रात्री गारठल्या, की त्यांची वाढ थांबते. वरचा पाला खुरटतो, सारी कमाई मुळांत आणि जमिनीलगतच्या बुंध्यात जाते. तिथल्या पिठूळ साठ्याची साखर होऊ लागते. ही साखर पेशीतले पाणी धरून ठेवते आणि आवरणाला सांभाळते. वर वीतभर बर्फ पडले तर ती गोधडीच. तिच्याखाली जमीन फारशी गार होत नाही. खरा घात होतो तो बर्फ न पडता कडाका पडला म्हणजे. आणखी एक घात शेतकरी स्वतः करतो. शरदात लोभाने एक कापणी जास्त घेतली, की पुन्हा पाने फोडण्यात मुळांची शिल्लक खर्च होते आणि झाड उपाशीपोटी हिवाळ्यात शिरते.

यात एक तिढा आहे. जे झाड लवकर झोपते ते हिवाळा काढते, पण शरदातला चारा देत नाही. आणि जे उशिरापर्यंत वाढत राहते ते चारा भरपूर देते आणि हिवाळ्यात मरते. म्हणून पैदासकार या झाडांची शरदातल्या झोपेनुसार १ ते ११ अशी प्रतवारी लावतात. १ म्हणजे कुंभकर्ण, ११ म्हणजे झोप न घेणारे. आपल्याकडे ज्या जाती चालतात त्या झोपेच्या शत्रू. पौषातही कापणी देतात. त्यांना मिनेसोटात नेले तर पहिल्या हिवाळ्यातच त्यांचा निकाल लागेल. उलट मिनेसोटाचे झाड आपल्याकडे आणले तर दिवाळीनंतर दिवस लहान झाले की रुसून बसेल. झोप आणि कणखरपणा ही जोडी फोडायची, म्हणजे उशिरापर्यंत वाढणारे तरी हिवाळ्यात न मरणारे झाड काढायचे, ही पैदासकारांची जुनी हौस आहे आणि त्यात त्यांना थोडेथोडे यशही आले आहे.

पण ग्रिमच्या पिशवीत कणखर झाडे मुळात होती म्हणूनच ती उरली, हे विसरता कामा नये. थंडी ही चाळण आहे. चाळणीत पीठ घातले नसेल तर खाली काय पडणार? या पिकाचे परागीभवन मधमाश्या करतात. फूल असे, की माशी बसताच आतला स्तंभ फटकन उसळून तिच्या डोक्यावर बसतो आणि दुसऱ्या झाडाचे पराग तिच्याकडून उचलतो. त्यामुळे शेतातले प्रत्येक झाड संकरित आणि दुसऱ्याहून निराळे. शिवाय रंगसूत्रांचे दोन नव्हे, चार संच, एकूण ३२. एवढ्या सरमिसळीत सर्व प्रकारचे गुण दडून असतात. ग्रिमच्या शेतातल्या फुलांत निळ्या-जांभळ्यांच्या जोडीला हिरवट-पिवळट छटाही दिसत, आणि शास्त्रज्ञांनी त्यावरून ओळखले, की या बियाण्यात कधीतरी पिवळ्या फुलांच्या रानटी भाईबंदाचे रक्त मिसळले आहे. कणखरपणा आला तो त्या भाईबंदाकडून.

सैबेरिया आणि लडाख

हा भाईबंद म्हणजे मेडिकागो फाल्काटा. कोयत्यासारख्या वाकड्या शेंगांचा, उत्पन्न कमी, शेंगा तडकून बी सांडणारा, पण सैबेरियाची थंडी सोसणारा. त्याच्या शोधात दक्षिण डाकोटातील नील्स एबेसन हान्सेन हा जन्माने डॅनिश असलेला प्राध्यापक निघाला. अमेरिकन सरकारच्या शेतीखात्याने १८९७ साली त्याला रशिया-तुर्कस्तानच्या मोहिमेवर पाठवले. गाडीने, घसरगाडीने, मिळेल त्या वाहनाने त्याने मध्य आशिया पालथा घातला आणि पुढल्या मोहिमांत पिवळ्या फुलांच्या लसूणघासाचे बी सैबेरियातून आणले.

दुसरा झरा आपल्या देशातला. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरचे लेह. पाऊस नाममात्र, हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यावर शेती, आणि हिवाळा हाडे गोठवणारा. तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे पीक घेत आले आहेत. त्यांच्या बोलीत त्याला 'ओल' म्हणतात. उन्हाळ्यात कापून वाळवायचे, घरांच्या धाब्यांवर रचायचे आणि बर्फाच्या महिन्यांत याक-गायींना पुरवून पुरवून घालायचे, असा तिथला रिवाज. १९१० साली लेहचे थोडे बी अमेरिकेत गेले. मोंटाना राज्यात त्याची पारख होऊन १९३० साली ते 'लडाख' याच नावाने शेतकऱ्यांच्या हाती दिले गेले. पहिली कापणी भरघोस, नंतर सावकाश. थंडी आणि कोरड दोन्ही सोसणारे. ग्रिमच्या पिकाला पुढे एका जिवाणूजन्य मर रोगाने ग्रासले, तेव्हा लडाखचे रक्त उपयोगी पडले.

कॅनडातील स्विफ्ट करंट येथे हाइनरिक्स या पैदासकाराने सैबेरियाचा फाल्काटा आणि लडाख यांच्या संकरातून 'रॅम्बलर' ही जात काढली. ती १९५५ साली बाहेर आली. या जातीची मुळे जमिनीत आडवी धावत आणि त्यांवर ठिकठिकाणी डोळे फुटून नवी झाडे वर येत. बुंधा थंडीने मेला तरी बाजूचे मूळ नवा फुटवा काढी. अंगाच्या कुठल्याही तुकड्यातून पुन्हा उभे राहण्याची ही खोड लक्षात ठेवा. तिची गाठ पुढे पडणार आहे.

बाटलीतले झाड

आता शेत सोडून प्रयोगशाळेत येऊ. टिश्यू कल्चर हा शब्द जळगावच्या केळीमुळे आपल्या खेड्यापाड्यांत पोचला आहे. पण केळीत कंदाचा मूळचा वाढता कोंब घेऊन त्याचीच संख्या वाढवतात. इथे मामला अवघड आहे. पानाच्या देठाचा तुकडा घ्यायचा, त्याला आपण देठ आहोत हे विसरायला लावायचे, आणि त्यातल्या एकेका पेशीपासून अखंड झाड उभे करायचे.

हे शक्य असावे, असे गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ सालीच म्हटले होते. पण त्याच्या हाताला यश आले नाही. १९५८ साली स्ट्यूअर्ड यांच्या प्रयोगशाळेत गाजराच्या सुट्या पेशींतून रोपटी उभी राहिली. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून गर्भ काढून जगाला चकित केले. लसूणघासाची पाळी १९७२ साली आली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सॉन्डर्स आणि बिंगहॅम यांनी त्याच्या पेशींच्या गोळ्यातून पुरी झाडे काढून दाखवली.

कृती ऐकायला सोपी. देठाचा तुकडा निर्जंतुक करून, क्षार, साखर आणि जीवनसत्त्वे घातलेल्या खळीवर ठेवायचा. त्या खळीत वाढीची संप्रेरके घालतात. त्यांतले एक म्हणजे टू-फोर-डी. आपले शेतकरी तण मारायला फवारतात तेच. जास्त झाले की विष आणि अत्यल्प दिले की वाढीचा हुकूम! तुकड्याच्या कडेने पेशींचा ओबडधोबड गोळा सुटतो; त्याला कॅलस म्हणतात. मग त्याला संप्रेरकांवाचूनच्या खळीवर हलवले, की त्यावर बारीक हिरवे दाणे उठतात. हे दाणे म्हणजे बियांतल्यासारखे गर्भ. बाप नाही, फूल नाही, नुसत्या देठातून आलेले.

पण गंमत अशी, की बहुतेक झाडांचा गोळा नुसता गोळाच राहतो. खळी बदला, उजेड बदला, काही उपयोग नाही. पुष्कळांनी दोष खळीला दिला. बिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी विचार उलटा केला. खळी बदलण्याऐवजी झाडच का बदलू नये? ज्या थोड्या झाडांच्या गोळ्यांतून रोपे उगवली, त्यांचाच आपसांत संकर करायचा, त्यांच्या संततीची पुन्हा बाटलीत परीक्षा घ्यायची. १९७५ साली त्यांनी निकाल छापला. मूळच्या झाडांत शंभरातली जेमतेम बारा पुन्हा उगवू शकत होती. निवडीच्या दोनच फेऱ्यांनंतर ती संख्या ६७ वर गेली. ग्रिमने थंडीची चाळण वापरली होती, यांनी बाटलीची.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९८५ साली, ब्राउन आणि अतानासोव्ह या संशोधकांनी या पिकाच्या ७६ जाती एकापाठोपाठ बाटलीत घालून पाहिल्या. कोणत्या जाती उगवतात आणि कोणत्या नाही, याची यादी करून त्यांनी उगवणाऱ्यांच्या वंशावळी तपासल्या. पुढे आलेली नावे कोणती? फाल्काटा आणि लडाख! ज्या आडव्या मुळांच्या थंड मुलुखातल्या जातींत या दोघांचे रक्त भरपूर, त्याच बाटलीतही तरारून उठत होत्या.

थंडी सोसण्याचे जनुक आणि बाटलीत उगवण्याचे जनुक एकच, असे मात्र यावरून कुणी समजू नये. एका घराण्यातून दोन गुण आले म्हणजे ते एकाच गाठीत बांधलेले असतात असे नाही. आजीच्या नाकाबरोबर आजीचा आवाज येतोच असे थोडेच आहे? पण उघड्या शेतात मुळाच्या तुकड्यातून उठणाऱ्या झाडाच्या वंशजांना बाटलीत देठाच्या तुकड्यातून उठणे जमावे, हे मनाला पटण्याजोगे आहे.

याचा गायीला काय उपयोग?

हा प्रश्न रास्त आहे. पैदासकाराला एखादा नवा गुण थेट जनुकाच्या रूपाने झाडात घालायचा असेल, किंवा आहे तेच जनुक नेमके बदलायचे असेल, तर ते काम आधी पेशीत करतात. आणि त्या पेशीतून पुन्हा झाड उभे राहिले नाही तर सारे मुसळ केरात. म्हणून या कामाला 'उगवणारी' झाडे लागतात. अडचण अशी, की बाटलीत सर्वांत उत्तम उगवणारे झाड शेतात सर्वांत उत्तम असेलच असे नाही. मग त्याचा संकर चांगल्या पिकाऊ जातींशी पिढ्यान्‌पिढ्या करीत बसावे लागते. चार संचांच्या रंगसूत्रांमुळे हे काम आणखी किचकट. २०२० साली चिनी संशोधकांनी एका जातीच्या चारही संचांची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली आणि जनुकांत नेमका बदलही करून दाखवला. त्यामुळे वाट थोडी मोकळी झाली.

थंडीच्या बाबतीत मात्र जुनी चाळण अजून हरलेली नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात संशोधकांनी हिवाळ्याची वाट पाहणे सोडून दिले. रोपांना आधी गारव्यात मुरवायचे, मग शीतकपाटात तापमान पायरीपायरीने खाली न्यायचे, निम्मी-अधिक रोपे मरतील इतके. उरलेली बाहेर काढून त्यांचा आपसांत संकर, आणि पुन्हा कपाट. ग्रिमला एका चाळणीला एक हिवाळा लागे आणि तो हिवाळा कसा निघेल ते त्याच्या हाती नसे. इथे थंडी खटक्यावर आहे. अशा फेऱ्यांतून निघालेल्या झाडांच्या मुळांत हिवाळी साखर जास्त साठते, असे आढळले आहे.

आणि या कामाची निकड वाढते आहे. पृथ्वी तापते आहे तर थंडीची काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. पण उबदार हिवाळ्यात बर्फाची गोधडी पातळ होते. मध्येच ऊन पडून झाड फसते, तयारी मोडते, आणि मागून कडाका येतो. अशा वेळी उपयोगी पडणारे रक्त नव्याने तयार करता येत नाही. ते लडाखच्या वाफ्यांत आणि सैबेरियाच्या माळांवर शेकडो हिवाळ्यांनी चाळून ठेवलेले आहे. ग्रिमचे नाव इतिहासात राहिले. लेहच्या ज्या शेतकऱ्याच्या धाब्यावरचे मूठभर बी १९१० साली गेले, त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. निदान ती जुनी वाफ्यांतली वाणे तरी आयत्या बियाण्याच्या लोभाने मोडीत निघू नयेत.

आपल्या मराठी मुलुखाला हिमवर्षाव ठाऊक नाही. आपल्या लसूणघासाचे वैरी निराळे. उन्हाचा ताव, पाण्याची ओढ, पावसाळ्यात मूळकुज. पण चाळण्याची रीत तीच. तुमच्या वाफ्यात तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाकीचे विरळ होऊन जी झुडपे ठणठणीत उभी असतील, ती कापायची थांबवून त्यांचे बी धरा. एकदोन झुडपांवर मात्र भिस्त ठेवू नका. जवळच्या नात्यात या पिकाचा वंश खालावतो. निदान पन्नास-शंभर झुडपे फुलू द्या, मधमाश्यांना त्यांचे काम करू द्या. आणि पेरण्यापूर्वी बी स्वच्छ चाळून घ्या, अमरवेलीचा एक दाणा जरी त्यात गेला तरी सारा वाफा पिवळ्या जाळ्यात गुरफटून जाईल.